सातव्या दिवसाचं हसू

नांदेडच्या जनाना दवाखान्याचा कागद उर्दूत होता, त्यामुळं तो वाचून दाखवायची पाळी सिंधूवरच आली. औशाच्या त्या घरात उर्दू वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. तिचे वडील लातूरच्या कचेरीत चपराशी होते, त्यांनी पोरीला चार इयत्ता शिकवल्या होत्या. त्या चार इयत्तांचा सासरी आजवर कुणाला उपयोग झाला नव्हता. आज सगळं घर ओसरीवर जमून तिच्या तोंडाकडं बघत होतं, आणि ती स्वतःबद्दलचाच कागद एक एक ओळ मराठीत करून सांगत होती. मयत सटवाजीची बेवा सिंधूबाई हिनं आजपासून बाराव्या दिवशी सकाळी दहा वाजता लेडी डॉक्टरसमोर मुलाखतीला हजर व्हावं. निवड झाली तर तीन वर्षं दवाखान्यात राहून नर्सचं काम शिकावं लागेल.

कागद वाचून झाला आणि थोरले भावजी दगडोबा खांबाला टेकून बसले होते ते सावरून बसले. ते वाईट माणूस नव्हते. धाकटा भाऊ पटकीनं गेला त्याला वर्ष झालं होतं, आणि त्याच्या तरण्या बायकोचं काय करायचं याचा घोर त्यांना लागला होता. कंधारच्या एका बिजवराशी पाट लावून द्यायचा असं त्यांनी मनात धरलं होतं. जमीन चांगली, पोरं तीन, वय थोडं जास्त. नर्स म्हणजे परक्या माणसांची घाण काढायची, रात्रंदिवस बाहेर राहायचं, भावकीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं ते शांतपणे एक एक करून सांगत गेले.

त्यांची बायको गुणाबाई दिवसांत होती. आज-उद्याचं काही सांगता येत नव्हतं. तिला कंधारही नको होतं आणि नांदेडही नको होतं. तिला सिंधू घरात हवी होती. पाणी, भाकरी, दोन पोरी आणि हे येणारं बाळ, हे सगळं एकट्या हातानं कसं निभणार, एवढंच ती पुन्हा पुन्हा बोलत होती.

साखराबाई सगळ्यांचं ऐकून घेत होती. दगडोबाची आणि मयत सटवाजीची ही आई. उंच बाई, हाडापेरानं मोठी. आसपासच्या पाच गल्ल्यांत बाळंतपण म्हटलं की तिलाच बोलावणं यायचं. आडवं मूल ती बाहेरून चोळून सरळ करायची. कुणाकडून एका लुगड्याशिवाय तिनं कधी काही घेतलं नव्हतं.

"मी जलमभर हेच केलं," ती म्हणाली. "मला कुणी नाव ठेवलं न्हाई. ही शिकून करंल. जाऊ द्या तिला नांदेडला. न्हाई घेतलं तर मग कंधारचं बघा."

आईनं शब्द टाकल्यावर दगडोबांनी विषय सोडला. घेणार नाहीतच, असा हिशेबही त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. गुणाबाई उठून आत गेली. सिंधूच्या बाजूनं घरात एकच माणूस होतं आणि त्या एका माणसानं तिची वाट मोकळी करून दिली होती. तिनं खरं तर सासूच्या पाया पडायला हवं होतं. पण साखराबाईनं मायेनं पाठीवर हात ठेवला तेव्हा सिंधूनं अंग चोरलं. तो हात ती गेले पंधरा दिवस टाळत होती.

पंधरा दिवसांपूर्वी लातूरच्या दवाखान्यातल्या चंद्रप्रभाबाई नर्सनी तिला एक वही दिली होती. सटवाजी पटकीनं तिथं पडून होता तेव्हा सिंधूनं केलेली त्याची सेवा त्यांनी पाहिली होती आणि अर्जही त्यांनीच भरायला लावला होता. मुलाखतीत काय विचारतात, काय उत्तर द्यायचं, ते सगळं त्यांनी वळणदार अक्षरात लिहून दिलं होतं. मराठीत उत्तर, खाली उर्दू शब्द. सोबत सरावासाठी एक कैची आणि जाड दोऱ्याचं रीळ. सिंधूनं त्याच दिवशी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली होती, आणि मधल्या एका पानावर तिचं बोट थांबलं होतं.

त्या घरात पोरं सातव्या दिवशी जायची. जन्मताना गुटगुटीत, दूध ओढणारी, पाचवी पुजून व्हायची, आणि सातव्या दिवशी बाळ अंगावर पिणं सोडायचं. मग त्याचे ओठ ताणायला लागायचे आणि ते हसायला लागायचं. सात दिवसांचं पोर, दातखीळ बसलेलं, डोळे उघडे, आणि दिवस मावळेपर्यंत तसंच हसत राहिलेलं. बायका म्हणायच्या, सटवाई खेळवायला आली, तिला पोर आवडलं, ती घेऊन जाणार. गुणाबाईची तीन अशी गेली होती. सिंधूची एक मुलगी गेली होती. साखराबाईची स्वतःची चार गेल्यावर जगलेल्या पोराचं नाव तिनं दगडोबा ठेवलं, म्हणजे कुणाला हवंसं वाटू नये. त्याच्या पाठच्याचं सटवाजी, म्हणजे तो आधीच सटवाईचा झाला.

त्यावर उपाय म्हणून घरात एक विळा होता. साखराबाईला तो तिच्या सासूनं दिला होता. गोठ्यात सटवाईचा शेंदूर फासलेला दगड होता, त्याच्यापुढं शेणकाल्यात तो रोवलेला असायचा. बाळंतपण आलं की तिथून काढायचा, त्यानं नाळ कापायची, नाळेवर गोवरीची राख दाबायची, आणि विळा परत जागेवर. धुवायचा नाही. धुतला की त्याचा गुण जातो.

वहीतल्या त्या पानावर हे सगळं लिहिलेलं होतं. सटवाई सोडून.

आणि सिंधूनं ते वाचल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारच्या बसवंताची बायको महानंदा बाळंत झाली होती. पहिलंच बाळंतपण. साखराबाई विळा घेऊन गेली होती, सिंधू गरम पाण्याची घागर घेऊन तिच्या मागं. घागर खाली ठेवली, विळा चालताना बघितला, आणि सिंधू काही बोलली नाही. सासूला काय सांगायचं, आणि सांगितल्यावर ही एकटी आपल्या बाजूची राहील का, याचा विचार करत ती उभी राहिली. सातव्या दिवशी भर दुपारी महानंदाचा मुलगा हसायला लागला. ते हसू बघायला सगळी गल्ली गेली होती. सिंधू गेली नाही. तरी भिंतीपलीकडून महानंदाचा आवाज येत होता. ती बाळाशी बोलत होती, लाडानं, कारण ते हसू कशाचं हे तिला ठाऊक नव्हतं.

कागद आल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर साखराबाई वहीपुढं येऊन बसली. तिला अक्षर येत नव्हतं, पण सुनेची तयारी आपण करून घ्यायची असं तिनं ठरवलं होतं. लेडी डॉक्टर काय विचारणार ते आधी मला विचार, मी सांगते, मग वहीत काय लिहिलंय ते बघू, असं तिनं सांगितलं. दगडोबा शेतात होते, गुणाबाई आत पडली होती. बाहेर ऊन असं होतं की गल्लीत कुत्रंही नव्हतं.

आणि खरंच तिला पुष्कळ येत होतं. नाडी कुठं बघायची, अंगात ताप किती हे हाताच्या पाठीनं कसं ओळखायचं, वार पडली नाही तर ओढायची नाही, पायाळू मूल कसं घ्यायचं. सिंधू वही वाचायची आणि वहीतलं उत्तर तेच निघायचं. साखराबाई लहान पोरीसारखी खूश होत होती. नब्ज, बुखार, सफाई, असे उर्दू शब्द ती दोन-दोनदा म्हणून बघत होती. मला बोलावलं असतं तर मीच झाले असते नर्स, असंही म्हणाली.

सिंधूनं पान उलटलं.

"दोन पानं उलटलीस," साखराबाई म्हणाली.

"चिकटली व्हती."

"सोडव."

सिंधूनं पान सोडवलं. ते चिकटलेलं नव्हतं हे दोघींनीही बघितलं. आता खोटं वाचता आलं असतं. समोरच्या बाईला एक अक्षर कळत नव्हतं. पण सिंधूच्या तोंडाला खोटं सुचेना, आणि तिनं आहे ते वाचलं. नवजात बालकाचा धनुर्वात. पाचव्या ते दहाव्या दिवसांत होतो. प्रथम बालक दूध ओढत नाही. जबडा बसतो. ओठ ताणले जाऊन चेहरा हसल्यासारखा दिसतो. अंग धनुष्यासारखं वाकतं. कारण, नाळ अस्वच्छ हत्यारानं कापणं, नाळेवर राख, शेण अगर माती लावणं. उपाय, हत्यार पाण्यात उकळून घेणं, नाळ कोरडी ठेवणं, तिच्यावर काहीही न लावणं.

साखराबाई त्या पानावर वाकली.

"हसल्यावानी," ती म्हणाली. "आसंच लिवलंय?"

"हाव."

"परत वाच."

सिंधूनं परत वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना साखराबाईचे ओठ हलत होते, जणू ती पाठ करत होती. मग ती उठली आणि गोठ्यात गेली.

बराच वेळ ती आली नाही म्हणून सिंधू दारापर्यंत गेली. गोठ्यात अंधार होता. बैल शेतावर गेलेले, दावणी रिकाम्या. साखराबाई शेंदराच्या दगडापुढं पाठमोरी उभी होती आणि बोलत होती. आधी सिंधूला वाटलं ती देवीला काही मागतेय. मग शब्द ऐकू आले. ती गेलेल्या पोरांना हाक मारत होती. त्यांना नावं नव्हती, कारण बारशाच्या आधीच ती गेलेली. म्हणून ती नुसती ओळख सांगत होती. माझा पहिला. माझी दुसरी. गुणाची थोरली. दर्ग्याजवळच्या तांबोळ्याचा. सिंधूची पोर. महानंदाचा. प्रत्येकाच्या मागं ती थोडी थांबायची, उत्तर यावं तशी. ते संपता संपेना.

साखराबाई बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. ती वहीपुढं बसली आणि म्हणाली, "फुडचं वाच."

त्या पानाबद्दल दोघी एकमेकींशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळेला गुणाबाईला कळा सुरू झाल्या. साखराबाईनं सिंधूला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, पाणी उकळ, ती कैची त्यात टाक, दोरा पण टाक. एवढंच. सिंधूनं चुलीवर पातेलं चढवलं. पाण्यात कैची तळाला खडखड वाजत होती आणि ती काढायला तिचं मन होईना.

सूर्य माथ्यावर आला तेव्हा मुलगा झाला. चांगला रडला. गुणाबाईनं घामेजलेली मान वळवली आणि सिंधूच्या हातात कैची बघितली.

"विळा कुठाय?" ती म्हणाली. "कैचीनं न्हाई. आत्याबाई, मी कैचीनं कापू देणार न्हाई. सटवाईला वाट मोकळी व्हईल."

तिनं बाळाला असं आवळून धरलं की ते गुदमरायला लागलं. तीन पोरं हसताना बघितलेली ती बाई होती. तिला समजावण्यात काही अर्थ नव्हता, आणि समजवायचं काय, हेही कुणाला सांगता आलं नसतं. साखराबाई बाहेर गेली आणि विळा घेऊन आली. सिंधू कैची धरून मधे सरकली. पण साखराबाईनं तो गुणाबाईच्या उशाशी नेला आणि तिच्या मुठीत दिला.

"घट्ट धर," ती म्हणाली. "सोडू नगंस. डोळे मीट."

गुणाबाईनं डोळे मिटून विळा दोन्ही हातांनी धरला. साखराबाईनं बाळ मोकळं करून घेतलं, ओल्या दोऱ्यानं दोन ठिकाणी नाळ बांधली, आणि हात मागं घेतले.

"तू काप," ती सिंधूला म्हणाली. "माज्या हातानं नगं."

सिंधूनं कापली.

त्यानंतर साखराबाईनं बाळाला हात लावला नाही. बाळाची आंघोळ सिंधू घालायची, बाळंतिणीचं सगळं सिंधू करायची. साखराबाई उंबऱ्याबाहेर बसून नुसती बघत राहायची. गुणाबाईला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची दृष्ट लागू नये म्हणून असं करतात. तिला तेही आवडलं. मुलाखतीची तयारी मागं पडली. सिंधू मनातल्या मनात नाडीचे ठोके आणि तापाचे आकडे म्हणत भाकरी थापायची.

बाळाच्या चौथ्या दिवशी दुपारी सिंधू आडावरून पाणी घेऊन आली. घर शांत होतं. गुणाबाईला झोप लागली होती. बाळाजवळ साखराबाई वाकून उभी होती, दुपटं बाजूला केलेलं, बाळाचं पोट उघडं, आणि तिची उजवी मूठ त्याच्यावर धरलेली. सिंधूनं घागर कुठं ठेवली ते तिला नंतर आठवलं नाही.

"लावली?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मूठ उघडा."

साखराबाईनं मूठ उघडली. राख होती. बाळ पाय झाडत होतं, नाळेचा तुकडा कोरडा होता. साखराबाई बोलली तेव्हा तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. कुणीतरी लांबून, विहिरीच्या तळातून बोलावं तसा होता.

"हे जगलं, तर ती समदी माज्या हातानं गेली. आन हे गेलं, तर न्हाई गेली. तर सटवाईनंच नेली." ती सिंधूकडं बघत राहिली. "मी काय मागू, सांग. चार दिस झाले, मला समजंना."

सिंधूनं तिचं मनगट धरलं. ते मोठं हाड तिच्या मुठीत मावत नव्हतं. तिनं सासूला तसंच धरून चुलीपाशी नेलं, राख चुलीत झाडली आणि लहान पोराचे धुवावेत तसे तिचे हात साबणानं धुतले. साखराबाईनं धुवू दिले. त्या दिवसापासून सिंधूनं बाळाला नजरेआड केलं नाही. ज्या बाईनं आपली वाट मोकळी केली तिच्यावर आपण पहारा करतो आहोत, हे तिला कळत होतं. साखराबाईलाही कळत होतं. ती उंबऱ्याच्या आत पुन्हा आली नाही.

सातव्या दिवशी दगडोबा शेतात गेले नाहीत. कुणी कारण विचारलं नाही. दोन्ही पोरींना सकाळीच मामाकडं पाठवलं होतं. दुपार झाली. ऊन दारातून आत आलं आणि जमिनीवर थांबलं. भिंतीपलीकडं बसवंताच्या घरातही आवाज नव्हता. तिथंही कुणीतरी कान देऊन बसलं असावं असं सिंधूला वाटलं.

बाळ झोपलेलं होतं. आणि झोपेतच त्याचे ओठ ताणले गेले, गाल वर चढले, आणि ते हसलं.

गुणाबाईनं बघितलं. दगडोबा दारात उठून उभे राहिले आणि तसेच राहिले. हसू जाईना. सिंधूला वहीतल्या सगळ्या ओळी आठवत होत्या आणि त्यातली एकही हातापायात उतरत नव्हती. मग साखराबाई उंबरा ओलांडून आत आली. ती बाळापाशी बसली, करंगळी पदरानं पुसली आणि त्याच्या ओठांत सारली.

कितीतरी वेळ गेला असं वाटलं.

"वढतंय," ती म्हणाली.

बाळ जागं झालं होतं आणि तिची करंगळी चोखत होतं, चुटचुट आवाज करत. नुसतं झोपेतलं हसू होतं ते. सगळ्यांच्या घरातली बाळं हसतात तसलं. दगडोबा खाली बसले आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसायला लागले. गुणाबाई पलंगावरून वाकली आणि सासूचे पाय धरून रडली, तुमच्या हाताचा गुण म्हणाली, तुम्ही सटवाईला परत धाडलंत म्हणाली. साखराबाईनं पाय ओढून घेतले. सिंधू तिच्या चेहऱ्याकडं बघत होती. त्या घटकेला घरात सगळे सुटले होते आणि साखराबाई एकटी सापडली होती.

बाळाच्या नवव्या दिवशी, मुलाखतीच्या आदल्या दिवशी पहाटे दगडोबांनी गाडी जुंपली. साखराबाई लातूरपर्यंत आली. नांदेडची मोटार निघायला वेळ होता. सिंधूचे वडील तिथून पुढं सोबत जाणार होते. ते आणि दगडोबा तिकिटाचं बघायला गेले आणि दोघी लिंबाच्या सावलीत गाठोड्यावर बसल्या.

"ते पान तू पयल्यांदा कवा वाचलंस?" साखराबाईनं विचारलं.

सिंधूनं पदर हातात घेतला. लेडी डॉक्टरच्या कुठल्याही प्रश्नाची तिला इतकी भीती वाटली नव्हती.

"वही आली त्याच दिशी."

"महानंदाच्या आदी?"

"तीन दिस आदी."

"आन बोलली न्हाईस."

"तुमी एकट्याच माज्या बाजूनं व्हत्या," सिंधू म्हणाली. "मला भ्या वाटलं."

साखराबाईनं मान हलवली. रागावली नाही. समोर मोटारीत ड्रायव्हर पाणी ओतत होता, त्याची वाफ वर जात होती, तिच्याकडं ती बघत राहिली.

"मी आडाणी व्हते," ती म्हणाली. "तू न्हाईस."

मग वडील हाक मारायला आले. साखराबाईनं भाकरीचं फडकं सुनेच्या मांडीवर ठेवलं आणि ती गाडीकडं गेली.

नांदेडला मुलाखतीला सात बाया आल्या होत्या. पाच ख्रिस्ती होत्या आणि शिकलेल्या दिसत होत्या. लेडी डॉक्टर मध्यम वयाची, चष्मा लावलेली, बोलणं सगळं उर्दूतून. सिंधूला नाडीचं विचारलं, तापाचं विचारलं, आजाऱ्याला न उठवता चादर कशी बदलायची ते खाटेवर करून दाखवायला लावलं. तिनं दाखवलं. उर्दू अडखळत होतं, हात अडखळले नाहीत. मग नाळेचं विचारलं आणि तिनं सांगितलं. बालकाचा धनुर्वात म्हणजे काय, तेही सांगितलं.

"पाहिलाय कधी?" डॉक्टरनं विचारलं.

"पाहिलाय. एक माझीच मुलगी होती."

"ते अजाणतेपणी झालं. समजल्यानंतर पाहिलास?"

"एक ऐकला. शेजारी, भिंतीपलीकडून."

"मग काय केलंस?"

वहीत याचं उत्तर होतं. ताबडतोब डॉक्टरला खबर द्यावी. ते उत्तर उर्दूतून तिला तोंडपाठ होतं.

"काही नाही," सिंधू म्हणाली. "मी गप्प बसले."

लेडी डॉक्टरनं लिहिणं थांबवलं. चष्मा काढून ती सिंधूकडं बघत राहिली. नोकरी पाहिजे असेल तर माणसं असं सांगत नाहीत, असं ती सावकाश म्हणाली. आणि मग म्हणाली, इथं गप्प बसणाऱ्या बाईचा उपयोग नाही, समोर कुणीही असो, बोलावं लागेल. बोलशील? सिंधूनं होय म्हटलं. संध्याकाळी दारावर नावांचा कागद लागला त्यात शेवटचं नाव तिचं होतं.

ती औशाला परत आली तेव्हा बारसं होऊन गेलं होतं. आठ दिवसांनी सामान घेऊन नांदेडला जायचं होतं. दगडोबांनी कंधारला नाही म्हणून निरोप धाडला आणि भावजयीसाठी लोखंडी पेटी आणून दिली. साखराबाई बोलावणं आलं तरी कुणाकडं जात नव्हती. हात दुखतो म्हणून सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी महानंदा आली. बाळ गेल्यापासून ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. सिंधू शिकायला निघाली म्हणून नारळ आणि खण घेऊन आली होती. अंगणात तिनं ते सिंधूच्या हातात दिलं. ओसरीवर साखराबाई ज्वारी पाखडत होती. महानंदा थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली, आणि मग तिनं सरळ विचारलं.

"आता तुला समजत आसंल. माजं बाळ कशानं गेलं?"

सूप थांबलं. सिंधूनं तोंड उघडलं, पण साखराबाई आधी बोलली.

"मी सांगते. हितं बस."

महानंदा ओसरीवर तिच्याजवळ बसली. साखराबाईनं सगळं सांगितलं. विळ्याचं, शेणाचं, राखेचं. आवाज न चढवता, काही न सोडता. माझ्या हातानं गेलं, असं म्हणाली. तिचं झालं तशी सिंधू पायरीवर बसली आणि आपलं सांगितलं. मला तीन दिवस आधीपासून ठाऊक होतं. मी घागर घेऊन उभी होते.

महानंदा दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिली. ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर काय येणार आहे ते कळेना, आणि सिंधूला पळून जावंसं वाटलं.

आतल्या दारात गुणाबाई उभी होती. बाळ खांद्यावर. ती कधीपासून उभी होती कुणास ठाऊक, पण तिनं सगळं ऐकलं होतं, स्वतःच्या तिघांचंही. ती बाहेर आली. सासूच्या बाजूनं गेली, पण तिच्याकडं तिनं बघितलं नाही. पुढं वर्षभर बघितलं नाही. बाळ भुकेनं कुरकुरत होतं. त्या आवाजासरशी महानंदाची चोळी पुढून ओली झाली होती आणि ती पदरानं झाकत होती.

गुणाबाईनं वाकून बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"पाज," ती म्हणाली.

महानंदानं पदर घेतला. बाळ ओढायला लागल्याचा आवाज तिघींनीही ऐकला. अंगणातलं ऊन सरकत ओसरीच्या पायरीवर आलं, मग साखराबाईच्या सुपातल्या ज्वारीवर आलं, तरी बाळ परत मागायला कुणी हात पुढं केला नाही.